बेटाचा उघडा कोपरा

सगुणाबाईच्या घरात उंदीर झालेत, असं मी बदलापूर गावात नांदायला आल्यापासून ओरडत होते. आमची भिंत एकच, मला नाही कळणार तर कुणाला? पण बाई ऐकेल तर शपथ! रोज दिवेलागणीला भाकरीचा तुकडा घ्यायची आणि तिच्या त्या गोधडीच्या उघड्या कोपऱ्यात सरकवायची. सकाळी तुकडा गायब. “उंदीर गं, दुसरं कोण?” मी म्हणायचे. ती नुसती हसायची. तिचं ते हसू मला मुळीच आवडायचं नाही.

तिचं गाव धरणात गेलं. गावामागची टेकडी तेवढी पाण्यावर राहिली, तिचं बेट झालं. लोक सामान हलवत होते, तेव्हा तिचा नवरा हरिचंद्र, राहिलेली म्हैस आणतो म्हणून टेकडीवर चढला. पाणी चढत गेलं. म्हैस पोहत आली, हरिचंद्र आला नाही. होड्या फिरल्या, माणसं हाका मारून थकली, पण काही म्हणजे काही सापडलं नाही. कीर्ती तेव्हा पोटात होती.

तेव्हापासून सगुणाबाई त्या गोधडीवर ते बेट शिवत होती. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या कारखान्यांतून जीन्सची कतरण, कापून उरलेले तुकडे, आणायची. गडद निळी म्हणजे खोल पाणी, विटलेली म्हणजे काठ. हिरव्या लुगड्याच्या करवंदीच्या जाळ्या, लाल चिंधीचा पांगारा. नवऱ्याच्या चौकड्यांच्या सदऱ्याची वाट, काठावरून वर चढणारी. उतरणारी वाट नव्हतीच. आणि तो एक कोपरा उघडा. आमच्यात गोधडी उपाशी मिटत नाहीत, शेवटच्या कोपऱ्यात घास ठेवून मग टाके घालतात. ही घास ठेवायची, टाके घालायची नाही.

“मिटली की त्यांनी यायचं कुठून?” म्हणायची. कपाळावर कुंकू ठसठशीत. भर उन्हाळ्यात त्या गोधडीला ओल्या चिखलाचा वास यायचा. “उन्हात टाक की गं बाई,” मी खेकसायचे. खरं सांगते, मला भीती वाटायची.

यंदा कीर्ती बाळंतपणाला आली. सव्वा महिना झाला, विठ्ठलवाडीला सासरी निघाली, तशी म्हणाली, “आई, बाळाला ही गोधडी दे.”

“दुसरी शिवते. मऊ.”

“हीच हवी. बाबांना मी पाहिलंच नाही, निदान त्यांचं बेट तरी दे.”

“उघडी गोधडी लेकराला देतात होय?”

“मग मीट ना!” कीर्ती रडायलाच लागली. “त्यांची वाट बघताना तुला मी कधी दिसलेच नाही, आई.”

सगुणाबाई उठली. ट्रंकेतून सदऱ्याचा उरलेला तुकडा काढला आणि दुपारभर बसून वाट खाली आणली. पांगाऱ्यापासून, करवंदीतून, काठावरून, थेट त्या कोपऱ्यापर्यंत. मग घास ठेवला.

“अहो,” ती मोठ्यानं म्हणाली, “लेक निघालीय. यायचं तर आत्ता या.”

बाळ रडत होतं, ते एकदम थांबलं. आम्ही तिघी दाराकडे बघत बसलो. हो, मीसुद्धा! कुणी आलं नाही. मग तिनं कोपरा शिवला. डोळ्यांतून धार लागली होती, पण टाका एक वाकडा पडला नाही.

कीर्ती गोधडी घेऊन गेली. संध्याकाळी मला काही राहवेना. गोधडी असायची त्याच जागी मी माझ्या हातानं भाकरीचा तुकडा ठेवला. म्हटलं, गोधडी गेली, उंदीर कुठे जातायत!

सकाळी तुकडा तसाच. दुसऱ्या दिवशीही तसाच, वाळून कडक झालेला. साधी मुंगी लागली नव्हती.

सगुणाबाईनं तो उचलून कपाळाला लावला. “गेले गं,” ती म्हणाली, “पोटभर जेवून गेले,” आणि हमसून हमसून रडली. मी तिला जवळ घेतलं. उंदरांचं नाव मी पुन्हा काढलं नाही.