ढिला सांधा

आमची जुनी गाडी सरळ रस्त्यावरही सरळ जात नाही. जरा वेग घेतला की डावीकडे ओढते, सावरायला जावं तर उजवीकडे. मी चालवत असले की शेजारून ह्यांचं ठरलेलं, "तुझा हातच स्थिर नाही." स्वतः चालवत असले की मात्र रस्ता खराब असतो. ह्यांनी टायर बदलले, अलाइनमेंट करून आणली, दर शनिवारी बंपरला नवं लिंबू-मिरची बांधलं. गाडीखाली वाकून तेवढं पाहिलं नाही. वाकणं ह्यांच्या स्वभावातच नाही.

आज मीच पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरली आणि पुढच्या चाकाशी आडवी झाले. म्हटलं, "गाडी बंदच राहू द्या. नुसतं स्टेअरिंग थोडं डावं-उजवं करा."

वर ह्यांचे हात फिरत होते. खाली चाकाकडे जाणारा दांडा हलत होता, त्याच्या टोकाचा सांधा खुळखुळत होता आणि चाक ढिम्म!

घरात ह्यांचा आवाजही असाच फिरतो. मुलगा "हो बाबा" म्हणतो आणि स्वतःला हवं तेच करतो. मी तर "हो" म्हणणंही सोडलंय. तरी घर चाललंय, म्हणून ह्यांना वाटतं आपणच चालवतोय. भरकटलं, की हात माझा.

"सापडलं का काही?" वरून आवाज आला. "की नुसतीच लोळतेयस?"

सांधा केव्हाच सापडला होता. पण माझ्या सांगण्यावरून हे निमूट काहीतरी करतायत, असं आजवर कधी झालं नव्हतं.

"नाही अजून," मी म्हटलं. "फिरवत राहा."