कावळा कुणी कोरला

मालकिणीनं माझं मनगट धरून वर उचललं. जनावराचा खूर दाखवावा तसं. समोर पंधरावीस पाहुणे, हातात वाईनचे ग्लास.

"डोकं माझं. हिचे फक्त हात," ती म्हणाली. सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून सलतं.

आयर्लंडमधल्या किलकेनीतलं तिचं चांदीचं वर्कशॉप. मी तिथं दागिन्यांवर नक्षी कोरायचे. वर्क परमिट त्याच नोकरीवर. नोकरी गेली की मी गेले.

पाहुण्यांत एक हैदा बाई होती. हैदा म्हणजे कॅनडाच्या पश्चिमेकडच्या बेटांवरचे मूळ रहिवासी. स्वतः चांदी कोरणारी. तिनं टेबलावरचं रुंद कडं उचललं. त्यावर कावळा. जाड होत, बारीक होत वाहणारी, कुठंही न तुटणारी त्यांची रेघ.

"हा आमच्या घराण्याचा कावळा. कोरण्याआधी आम्हाला विचारावं लागतं. कुणी कोरला?"

मालकिणीनं माझ्याकडे बोट केलं. "हिनं. उचलला असेल कुठून तरी. या लोकांना नकलेची सवयच असते."

खोटं. फोटो तिनंच दिला होता. या खुणांचा अर्थ काय, असं मी विचारलंही होतं. "तुला काय करायचंय? कोर. होईल ग्रँड," ती म्हणाली होती. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक'.

"सॉरी म्हण," मालकीण म्हणाली.

म्हणाले.

"मोठ्यानं."

पुन्हा म्हणाले.

हैदा बाईनंही मला सोडलं नाही. जाताना कार्ड हातात ठेवलं आणि विचारलं, "तुझ्या घरचं काय कोरतेस?"

माझी आई आठवडी बाजारात गोंदायची. बायका तिच्या मांडीवर हात ठेवून गोंदून घ्यायच्या, पाणी मात्र तिच्या ओंजळीत वरून ओतायच्या. तिच्या ठिपक्यांची मला लाज वाटायची. कुणाला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगून टाकलं.

मालकिणीनं ते ऐकलं. सोमवारी कोरा कागद पुढे सरकवला. "आईचे ते ठिपके काढ. कानातले करू. नवं कलेक्शन, माझ्या नावानं."

"नाही."

"परमिट विसरलीस?"

"नाही विसरले."

त्याच कागदावर हैदा बाईला लिहिलं. कावळा मी कोरला. फोटो मालकिणीनं दिला. न विचारता कोरला, हा गुन्हा माझाही. खाली सही केली, आडनावासकट. डब्लिनच्या मराठी गणपतीत मी जे गिळायचे ते आडनाव.

मालकीण ओरडत राहिली. मी त्या कागदाचा फोटो काढून कार्डावरच्या नंबरवर पाठवला, बाहेर पडले.

नोकरी गेली. दुसरी शोधतेय. मिळेल, न मिळेल. खोटी माफी आता माझ्याकडून कुणालाच मिळणार नाही. ठिपकेही नाहीत. ते आईला विचारून मीच कोरणार.