वेबसाईटीतला चोर आणि आमचा मेव्हणा

आमच्या हिच्या धाकट्या भावाएवढा संशयी माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर हा पहिला संशय त्याच्यावरच घेईल. निपाणीहून बेळगावला यायचं तर बसवर कन्नडात बेळगाव लिहिलेलं असतं, कंडक्टर बेळगाव बेळगाव म्हणून ओरडत असतो, तरी हा ड्रायव्हरला खाली बोलावून विचारणार. फोनवर कधी आपलं नाव सांगत नाही, "आधी तुम्ही कोण ते सांगा" म्हणतो, मग फोन त्यानंच केलेला का असेना. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ह्यानं बोटानं अंतरपाट खाली करून पोरगी पसंत केलेलीच आहे ना, ते बघून घेतलं. भटजी चिडले. हा म्हणाला, "माझ्या जागी तुम्ही असता तर?" कुठलीही गोष्ट दोनदा विचारल्याशिवाय ह्याला पटत नाही.

मी चौथीत शाळा सोडून शहापुरात साड्या विणायला मागावर बसलेला माणूस. मला तोंडावर बोलायची सवय. "तुझं डोकं तपासून घे" असं मी त्याला कितीदा सांगितलं असेल. पण ही आजारी पडली तेव्हा तिचा रिपोर्ट ह्यानं तीन ठिकाणी नेऊन तपासला. तिन्हीकडं तेच निघालं. त्या दिवसापासून मी त्याला डोक्याबद्दल काही बोललो नाही. कुणीतरी खोटं निघावं म्हणून एवढी पायपीट करणारा दुसरा कोण होता आम्हाला?

त्याचा धंदा वेबसाईटी बांधायचा. आमच्या मागावरच्या साड्या ही विकायची, त्यांचीही वेबसाईट त्यानंच बांधून दिली होती. साड्यांचे सगळे फोटो तिथं, आणि प्रत्येक फोटोत पदर धरलेले हिचे हात. तोंड कुठंच नाही, ती लाजायची. तिचा फोन नंतर बिघडला, त्यामुळं ते हात आता तेवढ्या एकाच ठिकाणी राहिलेत. ती गेल्यावर वर्षभर मी ती वेबसाईट उघडली नाही. त्यानंही नाही.

मग येळ्ळूरच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईचा फोन आला. "अण्णा, तुम्ही साड्या सोडून जुगार कधी चालू केला? तुमचं नाव शोधून आत गेलं की पत्ते उघडत्यात!"

मी मेव्हण्याला कळवलं. त्यानं आधी त्या बाईवर संशय घेतला, मग तिच्या फोनवर, मग माझ्यावर. रविवारी सकाळी आला तो दारातूनच, "दाजी, खरं सांगा, पासवर्ड कुणाला दिलता?"

"कुणालाच न्हाय."

"कुणालाच न्हाय?"

"भिंतीवर कॅलेंडरवर लिवलाय तेवढाच."

त्यानं कॅलेंडर काढून पिशवीत घातलं. त्याच्या कॉम्प्युटरवर वेबसाईट नीट दिसत होती, मला हायसं वाटलं. त्याचा चेहरा मात्र आणखी काळा पडला. "चोर लई हुशार हाय. घरच्या माणसाला घर जसंच्या तसं दाखवतोय, पाव्हण्याला तेवढं भलतीकडं नेतोय." मग त्यानं माझ्या फोनवर आमचं नाव शोधून बघितलं. पत्ते उघडले.

"सगळं पुसून नवीन करू का? सोपं पडंल."

"हात लावू नको," मी म्हणालो. "तिचे हात हायत त्यात."

मग तो बसला. पहिल्यांदा आहे तशी सगळी प्रत काढून बाजूला ठेवली, चोरासकट. मग वेबसाईटीच्या मूळ सामानाची कोरी प्रत आणून शेजारी लावली आणि एकेक फाईल ताडून बघायला लागला. हे मला कळलं. दोष असलेली साडी चांगल्या साडीशेजारी पसरली की चुकलेला धागा आपोआप दिसतो. फोटोंच्या कप्प्यात एक फाईल निघाली, ती फोटो नव्हतीच. मालकांच्या यादीत एक मालक निघाला, तो आमच्यापैकी कुणीच नव्हता. दोघांना काढलं, पासवर्ड सगळे बदलले. साड्यांची मागणी घ्यायचा एक जुना भाग वर्षभर ताजा केलेला नव्हता, चोर तिथून शिरला होता.

"वरीसभर आपण पाऊल टाकलं न्हाय दाजी," तो म्हणाला. "मग दुसरा कोणतरी टाकणारच."

सगळ्यात शेवटी एक फाईल राहिली. नाव ना गाव. आत नुसते एक आणि शून्य, ओळीखाली ओळ, संपतच नव्हते. त्याचे डोळे चमकले. "सापडला! बाकीची सगळी पिल्लं, ह्यो बाप!" आणि पुसायला बोट उचललं.

मला जवळचं दिसत नाही, म्हणून मी मागं सरकून बघत होतो. मी त्याचं मनगट धरलं.

"मागं ये. हितनं बघ."

"कशाला?"

"ये म्हणतो न्हवं!"

तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. लांबून शून्य फिके पडले आणि एकच्या आकड्यांचं रुईफूल उमटलं. काठाची नक्षी होती ती. मागाला नक्षी सांगायला भोकं पाडलेले पुठ्ठे लावतात. भोक तिथं एक, नाही तिथं शून्य, असं ही वहीत लिहायची, तेच तिनं इथं उतरवलं होतं. मग तो खाली बसला आणि बारीक आवाजात म्हणाला, "आक्कानं मला विचारलंतं, कागदाला वाळवी लागती, हितं लागत न्हाय न्हवं? मीच म्हटलंतं, हितं ठेवलेलं कुठं जात न्हाय." आत्ता त्याचंच बोट ते पुसणार होतं.

थोड्या वेळानं परत त्याचा संशय जागा झाला. "दाजी, शेवटची ओळ अर्धीच हाय. कुणीतरी खोडलीय. आत अजून कोणतरी हाय!"

"तारीख बघ," मी म्हणालो. तिला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवसाची होती. "कुणी खोडली न्हाय रं. तुझी आक्का तिथनंच उठली."

त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आता येळ्ळूरच्या बाईच्या फोनवर साड्या दिसतात. मी त्या नक्षीचे पुठ्ठे पाडून घेतलेत. रुईफूल दोन्ही अंगांनी सारखंच असतं, त्यामुळं राहिलेली अर्धी ओळ मला पाठ आहे, मागावर ती पुरी होईल. फाईलीत मात्र ती अर्धीच ठेवलीय. दर रविवारी तो निपाणीहून येतो, सगळं तपासतो, शेवटी ती फाईल उघडून ओळी मोजतो आणि म्हणतो, "हाय."

एकदाच म्हणतो.