राग उतरवून मागितलेला नळ

मुर्री गावाच्या पुढे एका खेड्यात मी ग्रामपंचायतीत लिपिक होतो. एका सकाळी बौद्ध वस्तीतल्या दहा-बारा बायका आल्या आणि व्हरांड्यात डोळे मिटून बसल्या. पुढे पांढऱ्या लुगड्यातली एक बाई होती, बिड्या वळून बोटं पिवळी पडलेली. ती मधूनच हळू म्हणायची, "श्वास आला... श्वास गेला."

मी हसत विचारलं, "बाई, काऊन बसल्या अशा?"

तिनं एकच डोळा उघडला. "विहारात बसतो तशाच. राग उतरवून राहिलो, बाबू. मागच्या खेपेला रागात आलो, भांडण झालं, अन् अर्ज द्यायचाच राहून गेला!"

मग उठून ती सरपंचांपुढे गेली. साऱ्या गावात नळ होते, त्यांच्या वस्तीत नव्हते. सरपंच ओरडले. तिनं त्यांना ओरडू दिलं, एक श्वास घेतला आणि पुन्हा विचारलं, "आमच्याकडं नळ कायले नाही?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सरपंचांचाच आवाज खाली आला. त्यांनी अर्ज घेतला.

नळ आला त्या दिवशी मी पाहायला गेलो. बायका एकमेकींना भिजवत होत्या.

"आता बसणं बंद?" मी विचारलं.

तिनं ओंजळभर पाणी माझ्यावर उडवलं. "बंद कायले? अजून रस्ता मागायचा हाये!"