एक नंबरची सीट

भागवतच्या ट्रॅव्हल्सचा मी दुसरा ड्रायव्हर, पहिला तो स्वतः. खामगाव ते पुणे, रोजची गाडी. माणूस दिलदार, पण दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला पाहवत नाही. समोरच्या ट्रॅव्हल्सवाल्याने नुसते टायर बदलले तरी याला जेवण जात नाही. जळगावहून पुण्याला विमान सुरू झालं तेव्हा तर तो पार उकळला.

लहान शहरांतून विमानं उडावीत म्हणून सरकारने त्यांच्या तेलावरचा टॅक्स नावापुरताच ठेवला, असं कुणीतरी त्याला स्टँडवर सांगितलं. तेव्हापासून डिझेल भरताना रोज तेच.

"माह्या डिझलवर टॅक्स, परमिटले टॅक्स, टोल वेगळा. अन् त्या उडत्याले माफी! काऊन बे, मी काय सरकारचा सावत्र लेक हाय?"

"मालक, आपलं गिऱ्हाईक थोडंच विमानात बसून राह्यलं?" मी म्हणायचो.

मग एक दिवस त्याची मोठी बहीणच बसली.

रुक्मिणीबाई वरवट बकालच्या. आई लवकर गेली, भागवतला तिनेच वाढवलं. पंगतीतला आपल्या वाटणीचा लाडू ती पदराला बांधून त्याच्यासाठी आणायची, हे तो गाडीत नव्या माणसाला हमखास सांगतो. ती पुण्याला लेकाकडे निघाली की ड्रायव्हरजवळची एक नंबरची सीट विकायची नाही. भावाला डुलकी लागू नये म्हणून ती रस्ताभर बोलत बसायची. या खेपेला लेकाने, हर्षलने, विमानाचं तिकीट काढलं आणि वर फोन केला, "मामा, विमानात पंधरा किलोच चालते. आईचं बाकी सामान तुमच्या गाडीत टाका."

भागवतच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बहीण विमानाची अन् पोतं माह्यं!"

तूरडाळीचं ते पोतं त्याने डिक्कीत जाऊ दिलं नाही. एक नंबरच्या सीटवर बसवलं आणि पुण्यापर्यंत त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सकाळी गाडी थांबली तर आदल्या दिवशीच पोचलेली रुक्मिणीबाई हर्षलसोबत उभी. पोत्याचं तिने नावही काढलं नाही. पिशवीतून कागदात गुंडाळलेलं अर्धं सँडविच काढलं.

"विमानातलं हाय. तुह्यासाठी ठेवलं. खाऊन पाय."

"मले भूक नाही." भागवतने तोंड फिरवलं. पण राहवेना. "खिडकीपाशी बसली होती?"

"हाव."

"आपला रस्ता दिसला?"

"रस्ते लय दिसले रे. तुह्या गाडीचा कोनता, ते काही समजलं नाही. उतरेपर्यंत तोच पाहून राह्यली होती मी."

भागवतने हात पुढे केला. सँडविच घेऊन गाडीमागे गेला आणि सगळं खाल्लं. मी शेजारीच उभा होतो. घासभर तरी विचारावं माणसाने! मलाही चिखलीला बहीण आहे. दिवाळीला फोनसुद्धा येत नाही तिचा. पाहता पाहता माझ्याच पोटात जळायला लागलं.