लाभ, दोन, तीन

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा मी माणूस नाही. आम्ही नागपूरचे बौद्ध. देव, भूत, आत्मा ह्यांतलं काहीही आमच्या घरात चालत नाही. माझी बायको सुजाता गेली तेव्हा इथल्या मराठी ग्रुपवर 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो'चे मेसेज पडायला लागले. त्या अवस्थेतही मी उत्तर टाकलं — आमच्यात आत्मा मानत नाहीत, कृपया 'विनम्र अभिवादन' लिहा. लोकांना मी चक्रम वाटलो असेन. असो… तर अशा माणसाचा हा अनुभव आहे.

आम्ही अमेरिकेत पिस्कॅटवेला राहतो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच पोटापाण्याचा धंदा. मुलगी मैत्री हायस्कूलला. ती व्हिओला वाजवते — व्हायोलिनचाच थोरला भाऊ, आवाज जरा घोगरा. सुजाताला त्या संगीतातलं ओ की ठो कळायचं नाही, मलाही नाही. पण वाजवताना मैत्रीला मधेमधे बराच वेळ गप्प बसून मात्रा मोजाव्या लागत आणि मोजण्यात ती कच्ची. म्हणून घरी सराव चालला की सुजाता किचनमधून मोजायची, पोळ्या लाटता लाटता. तिचे वडील वर्ध्याकडे धान्याच्या अडतीत मापारी होते. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात — बरकत यावी म्हणून. बापाची ती सवय लेकीनं अमेरिकेत आणली. "लाभ… दोन… तीन… अगं, लक्ष कुठाय तुझं!" मैत्रीला लहानपणापासून वाटायचं, आई 'लव्ह' म्हणते. लव्ह, दोन, तीन. ते इतकं गोड वाटायचं की आम्ही दोघांनी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

सुजाता गेल्यावर व्हिओला पेटीत गेला. घर इतकं शांत झालं की मी डिशवॉशर उगाच लावून ठेवायचो. मग काही महिन्यांनी मैत्रीच्या टीचरनं आग्रह करून तिला एका हौशी ग्रुपमध्ये घातलं. दोन व्हायोलिन, दोन व्हिओला आणि चेलो. चेलोवर रूथ, सत्तरी ओलांडलेली अमेरिकन बाई. सुजाताला तिनं कधी पाहिलेलंही नव्हतं.

ते वाजवत होते ती एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन संगीतकाराची उतारवयातली रचना. रूथ म्हणाली, त्यानं ठरवलं होतं — हे लिहून झालं की बस्स, आता लिहिणं बंद. मी विचारलं, "मग थांबला?" ती हसून म्हणाली, "नाही जमलं बिचाऱ्याला." त्यातल्या संथ भागात एका जागी मैत्रीला बराच वेळ थांबून मग एकटीनं, अगदी हळू सुरू करायचं होतं. प्रत्येक रिहर्सलला गाडी तिथंच घसरायची.

कार्यक्रमाला ड्राइव्ह करून जाताना मैत्री म्हणाली, "बाबा, आज परत चुकले ना, तर आय ॲम डन. व्हिओला विकून टाक." मी "बरं" म्हणालो खरा. सुजाताच्या संध्याकाळींपैकी तेवढा एक आवाजच घरात उरला होता, आणि तोही जाणार होता.

रविवारची दुपार, एका चर्चचा हॉल, फोल्डिंगच्या खुर्च्या. ती जागा आली. मैत्रीचा चेहरा बघूनच मला कळलं की मोजणी हुकली आहे. तिनं ओठ घट्ट मिटले, नजर खाली गेली… आणि तेवढ्यात रूथनं वाजवता वाजवता तिच्याकडे वळून ठामपणे मान हलवली. मैत्रीचा बो तारेवर टेकला. अगदी बरोबर! तो घोगरा, एकटा सूर निघाला आणि मला रडू आलं.

नंतर कॉफी घेताना रूथ माझ्याकडे आली. ती इंग्लिशमध्ये बोलली, मी मराठीत सांगतो. "माझ्या मागे कोणीतरी मोजत होतं. बाईचा आवाज. भाषा कळली नाही, पण ठेका पक्का होता. त्यावरच मी तुमच्या मुलीला इशारा दिला. तो पहिला शब्द… लाभ म्हणजे काय?"

"लव्ह?" मी विचारलं.

"नो, नो. लाभ." आ लांबवून, शेवटचा भ नीट श्वास सोडून.

रूथच्या मागे भिंत होती.

मैत्री पुटपुटली असेल म्हणावं, तर ती 'लव्ह' म्हणाली असती. फोनवर काढलेला व्हिडिओ मी कितीदा ऐकला — त्यात कुणाच्या तरी खोकल्याशिवाय काही नाही. रूथच्या ओळखीचं दुसरं मराठी माणूस नाही. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली माझी, पण ह्यात चूक कुठे आहे, ते आजपर्यंत सापडलेलं नाही.

"आवाज कसा होता?" मी तिला विचारलं. शेवटच्या आजारपणात सुजाताचा आवाज पार बसला होता, आणि मला आता तेवढाच आठवतो. आधीचा काही केल्या आठवत नाही.

रूथ थोडा विचार करून म्हणाली, "आजारी नव्हता. जरा घाईत होती. गॅसवर काहीतरी ठेवून आल्यासारखी."

मी बाहेर पार्किंग लॉटमध्ये जाऊन ढसाढसा रडलो.

गाडीत मैत्रीला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "शी वॉज देअर? मग मला का नाही ऐकू आलं, बाबा? व्हाय रूथ?"

व्हिओला विकला नाही. मैत्री न चुकता रिहर्सलला जाते. बाकीचे म्हणतात, आता दुसरं काही वाजवू या. ही ऐकत नाही. परवा मैत्रीला रिहर्सलला सोडायला रूथच्या घरी गेलो, तर तिनं मला मुद्दाम आत बोलावलं. म्हणाली, "हिला सगळं उत्तम येतं. फक्त त्या जागी ती सुरूच करत नाही. मी इशारा दिला तरी बघत नाही. शी इज नॉट लॉस्ट. शी इज वेटिंग."

मी सोफ्यावर बसलो. ती जागा आली. मैत्री बो हवेत धरून, मान जराशी तिरकी करून बसली होती. हळूहळू बाकीचेही थांबले. मीही कानात प्राण आणून बसलो… मग आम्ही दोघांनी रूथकडे पाहिलं.

तिनं नकारार्थी मान हलवली.