अकित्सु

आमच्या गल्लीच्या टोकाला कियोजींचं टोफूचं दुकान होतं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्यांच्या बायकोला, सोनोएला, मुलगा झाला. त्या दिवशी कियोजी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक वडी जास्त देत होते आणि कुणी न विचारताच बाळाचं वजन सांगत होते.

नावावरून मात्र घरात वाजलं. त्यांच्या म्हाताऱ्या आईने शुभ आकडा जुळावा म्हणून अक्षरांच्या रेघा मोजून ‘केनिची’ काढलं होतं.

“गल्लीत तीन केनिची आहेत, आई. एकाला हाक मारली की तिघं डोकावतात.”

“मग तू काय ठेवणार?”

“अकित्सु.”

पाण्यावर भिरभिरणाऱ्या चतुराचं हे फार जुनं जपानी नाव. आता बोलण्यात कुणी वापरत नाही.

“किड्याचं नाव? शाळेत पोरं पंख उपटतील त्याचे.”

“चतुर मागे उडत नाही म्हणतात,” कियोजी म्हणाले. “आपलाही तसाच पुढे जाईल.”

म्हातारीने दोन दिवस अबोला धरला. नोंदणीला चौदा दिवसांची मुदत होती, घाई नव्हती. पण बाळ दूध ओढेना, ओठ निळे पडू लागले. मोठ्या इस्पितळात नेलं तर हृदयातच दोष निघाला. नवव्या दिवशी सकाळी ते गेलं.

सोनोए अंथरुणाला खिळलेली, म्हणून नगर कार्यालयात कियोजींबरोबर मी गेले. आधी जन्माचा कागद, मग मृत्यूचा. कारकून भला माणूस. हळूच म्हणाला, “नाव ठेवायचं राहिलं असेल तर रकाना कोरा सोडला तरी चालतो.”

“राहिलेलं नाही,” कियोजी म्हणाले आणि त्यांनी नाव लिहिलं. दुसरा कागद माझ्याकडे सरकवला. “वहिनी, एवढा तुम्ही लिहा.”

मी लिहिलं.

मला तेव्हा पाचवा महिना होता. काही आठवड्यांनी सोनोए आली. म्हणाली, “ताई, मुलगा झाला तर अकित्सु ठेवा. नाव नुसतं पडून आहे.”

मी तिचा हात धरला, पण हो म्हणाले नाही. मला भीती वाटली.

मुलगाच झाला. सातव्या दिवशी रिवाजाप्रमाणे बाळाचं नाव लिहिलेला कागद भिंतीवर लावला, तेव्हा सोनोए आली. तिने तो वाचला.

“मासाओ. छान आहे,” ती म्हणाली आणि बाळाला न घेताच घरी गेली.